लातूरची जलदूत, एकास सत्त्याऐंशी

जानेवारी २०२५ मध्ये माझी जलदूत, म्हणजे २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेगाडीचं मॉडेल, एकदाची रुळावर आली. पुढे एक डिझेल इंजिन, मागे पाच टँक वाघिणी, म्हणजे टाकीच्या वॅगन. काम हातात घेतलं होतं ऑक्टोबर २०२३ मध्ये. नोकरी सांभाळून, रविवारी आणि रात्री जेवणं झाल्यावर. लातुरात बसून रेल्वेचं मॉडेल करायचं म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, सामान कुठून आणणार? मलाही तेच वाटत होतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो, खर्चासकट.

विषय ठरवायला वेळ लागला नाही. २०१६ चा मार्च-एप्रिल ज्याने लातुरात काढला त्याला जलदूत सांगावी लागत नाही. टाक्या आणि विहिरींपाशी जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. त्या पन्नास वाघिणी मुळात तेल वाहणाऱ्या. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन घेतल्या आणि मग त्यांत पाणी भरलं. रेल्वेच्या भाषेत ही बीटीपीएन वाघीण. बी म्हणजे बोगीची (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालची चार चाकांची चौकट), टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल आणि एन म्हणजे एअर ब्रेकची.

प्रमाण कोणतं घ्यायचं यावर मात्र बरेच दिवस घोळ घातला. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. चाकं, वाघिणी एकमेकींना जोडायचे कपलर, रूळ सगळं त्यातच सहज मिळतं. अडचण एकच. आपली ब्रॉडगेज दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटरची, तिला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात, आणि एचओचा रूळ आहे १६.५ चा. म्हणजे आपली वाघीण रुळांवर जरा जास्तच ऐसपैस बसलेली दिसते. काही जण त्यासाठी स्वतः रूळ घालतात. मी तो नाद केला नाही, समोरून बघितल्याशिवाय कळत नाही. गंमत अशी, की मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हीच वाट पूर्वी बार्शी लाईट रेल्वेची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने काढलेली, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचलेली. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. ८७ ने भागा, ८.७६ येतात, आणि एन गेज या आणखी छोट्या मॉडेलांचा तयार रूळ नऊचा मिळतो! म्हणजे लातूरची जुनी छोटी गाडी प्रमाणात अगदी चपखल बसते आणि नवी बसत नाही. ज्यांना रुळाची रुंदी बिनचूकच हवी असेल त्यांनी सरळ बार्शी लाईट करावी.

आता मापं. ऑक्टोबरच्या शेवटी रेल्वेच्या एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला. ऑनलाईन पोर्टलवर होतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मागितलं होतं बीटीपीएनचं मुख्य रेखाचित्र. मुदतीच्या आत उत्तर आलं की कलम ८(१)(ड) खाली, म्हणजे व्यावसायिक गोपनीयतेच्या कारणाने, रेखाचित्र देता येत नाही. अपील करता आलं असतं. पण अर्ज लिहिताना मी एक दुसरा मुद्दाही घातला होता, वाघिणीची एकूण लांबी, चाकाचा व्यास, रिकामं वजन एवढं तरी कळवा. ते आकडे मिळाले. तेव्हा अर्ज करणारांनो, नकाशाच्या मागे लागू नका, आकडे मागा. कपलरपासून कपलरपर्यंत १२,४२० मिलिमीटर आणि नवं चाक १००० मिलिमीटर. या दोन आकड्यांवर सगळं उभं राहतं. मॉडेलमध्ये लांबी १४३ मिमी होते, चाक साडेअकरा.

बाकी मापं फोटोवरून काढली. नोव्हेंबरात कुर्डुवाडीला गेलो, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि बाजूच्या लूप रुळावर तेलाच्या वाघिणींची गाडी, म्हणजे रेक, उभी दिसेपर्यंत बसून राहिलो. पहिल्या खेपेला नुसता कोळसा आणि सिमेंटच पाहिलं. रुळांत उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय तशी गरजही नाही. प्लॅटफॉर्मच्या लांबच्या टोकाला उभं राहून, झूम करून, वाघिणीच्या बरोबर मध्याशी काटकोनात फोटो घ्यायचा. जवळून घेतला की टोकं आकसलेली दिसतात आणि मापं फसतात. मग फोटो कॉम्प्युटरवर उघडून १२,४२० ची पट्टी लावायची आणि शिडी, झाकण, बोगीतलं अंतर सगळं त्या पट्टीने मोजायचं. चाकाची पट्टी लावू नका, चाक घासत घासत ९०६ पर्यंत आलेलं असू शकतं. मी फोटो काढत होतो तेव्हा एक ज्येष्ठ प्रवासी माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "तेल मोजूलालाव का काय?"

टाकीचा व्यास फोटोवरून २८५० च्या आसपास निघाला. म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास ३३. प्लास्टिकची नळी मागवायची म्हणून परदेशी साइट बघत होतो, तेवढ्यात बाथरूमचं काम करायला आलेल्या प्लंबरच्या पिशवीतून पाईपचा तुकडा बाहेर डोकावत होता. व्हर्निअर लावला, ३२ मिमी बाहेरून. पीव्हीसी पाईपची मापं बाहेरच्या व्यासानेच ठरलेली असतात, २०, २५, ३२, ४०. खऱ्या वाघिणीच्या मापात सहा-सात सेंटिमीटरचा फरक, तो मी सोडून दिला. तुकडा फुकट मिळाला. माझी टाकी झाली.

इथून पुढे सगळा बाजार वेगळ्याच नजरेने दिसायला लागला. आपल्याकडे बोअर, मोटारी, पाईप यांच्या दुकानांना तोटा नाही. पाणी कमी म्हणून ही दुकानं जास्त, आणि पाण्याच्या गाडीचं सामान नेमकं तिथेच.

टाकीच्या दोन्ही टोकांचे घुमट हे सगळ्यात कठीण काम निघालं. त्यासाठी जुनी एटीएम कार्डं वापरली. ही कार्डं पीव्हीसीचीच असतात, जाडी ०.७६ मिमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका खराद्याकडे गेलो. सागवानाच्या तुकड्यातून ३० मिमी व्यासाचा, पुढून किंचित फुगीर असा ठोकळा कातून मागितला. आणि प्लायवूडमध्ये त्याहून दीड-दोन मिलिमीटर मोठं भोक. खरादीमामांनी ठोकळा हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "पोळपाट-लाटणं मागायला येतेत लोक. ह्ये कशाला लागूलालंय?" मी मोबाईलवर वाघीण दाखवली. त्यांनी दोनशे रुपये घेतले आणि वर एक सूचना केली, ठोकळ्याला मेण लाव, नाहीतर कार्ड धरून बसंल. लाखमोलाची सूचना होती.

कृती अशी. कार्ड चिपचा भाग सोडून कापायचं. दोन प्लायवूडमध्ये चारही बाजूंनी घट्ट आवळायचं, नाहीतर कडेला सुरकुत्या पडतात. हेअर ड्रायर किंवा हीट गनने मधला भाग तापवायचा. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडतं, कार्ड चमकायला लागतं आणि किंचित लोंबतं. तो क्षण आला की ठोकळा सरळ खाली दाबायचा आणि थंड होईपर्यंत हलवायचा नाही. जास्त तापलं तर फाटतं, कमी तापलं तर परत सपाट होतं. पाच वाघिणींना दहा घुमट लागतात. कार्डं कमी पडली तेव्हा बँकेतल्या सहकाऱ्यांनी मुदत संपलेली कार्डं कापून, आकडे खोडून आणून दिली. घुमट पाईपला चिकटवायला प्लंबरचंच सोल्यूशन. दोन्ही एकाच जातीचं प्लास्टिक असल्यामुळे सांधा वितळून एकजीव होतो. फेविक्विकने हे काम करू नये, कडेला पांढरी धूळ धरते आणि ती रंगाखालूनही दिसते. सोल्यूशनचा वास मात्र डोक्यात जातो, गच्चीवर बसा.

घुमट बसवण्याआधी वजन घालायचं. मॉडेल हलकं राहिलं तर वळणावर रूळ सोडतं. अमेरिकन मॉडेलकारांच्या संघटनेचा एक हिशेब सगळीकडे वापरतात, एक औंस, वर लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. १४३ मिमीच्या वाघिणीला ते सगळं धरून सुमारे ११० ग्रॅम होतं. चाकं बॅलन्स करणाऱ्या टायरवाल्याकडे पाच-पाच ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या टाकीच्या तळाशी आतून लावल्या. तळाशीच लावायच्या, मधे नाही.

शिडी आणि कठडे यांच्यासाठी तांब्याची तार, मोटार वायंडिंगवाल्याकडून. २६ गेजची तार ०.४६ मिमीची असते, प्रमाणात खऱ्या कठड्याच्या नळीच्या जवळपास. पन्नास रुपयांत इतकी तार दिली की अख्खा पन्नास वाघिणींचा रेक निघेल. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, तो पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. तार वळलेली असेल तर एक टोक पकडीत धरून दुसरं जोरात ओढा, सरळ होते. शिडीसाठी प्लायवूडवर टाचण्या ठोकून साचा केला. दोन उभ्या तारा, त्यांवर आडव्या पायऱ्या, प्रत्येक सांध्याला कथलाचा ठिपका. पहिली शिडी करायला एक आख्खा रविवार गेला. शेवटची रात्रीच्या बातम्या ऐकता ऐकता झाली. टाकीवरच्या चालण्याच्या पट्टीला चहाच्या गाळणीची जाळी. हँडब्रेकचं चाक घड्याळजीकडून, एका जुन्या मनगटी घड्याळातलं. ते त्याने चिमट्याने उचलून काडेपेटीत घालून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

चाकं आणि कपलर मात्र बाहेरूनच. धातूची ११ मिमीची चाकं एका भारतीय विक्रेत्याकडून मागवली. पाच वाघिणींना वीस जोड्या, पोस्टाने धरून अडीच हजार. बोगीच्या बाजूच्या चौकटी थ्रीडी प्रिंट करून घेतल्या, त्यांत स्प्रिंगांचा झुबका नीट उठून येतो.

रंगाला लागलो ते नेमका मे महिना. लातूरच्या मेमध्ये दुपारी स्प्रे मारला की रंग डब्यातून निघून टाकीपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे सहाच्या आत मारायचा. आधी ४०० चा पॉलिश पेपर, मग साबणाच्या पाण्याने धुणं, मग प्लास्टिकला धरणारा प्रायमर, तो टाळला तर रंग नखाने निघतो. मग चंदेरी, त्यावर मॅट लॅकर. पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेत लॅकर मारू नका, पांढरट धुकं धरतं. त्यामुळे जून-जुलै काम बंद ठेवलं. गंज आणि तेलाचे ओघळ यासाठी पोस्टर कलर पातळ करून वापरला, झाकणापासून खाली ओघळत आलेला. हे काम थोडकंच करावं. मित्रांना खूप मळकी वाघीण आवडते, मला वाटतं डाग दिसला पाहिजे, डागाचं मॉडेल व्हायला नको.

इंजिन. हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात जास्त वाट पाहायला लावणारा भाग. २०१६ मध्ये या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून डिझेलच हवं होतं. मी डब्ल्यूडीएम-३ए निवडलं, अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातलं, ३१०० अश्वशक्तीचं. मूळ डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेतून १९६२ मध्ये आलं आणि मग वाराणसीत बनायला लागलं, त्याचीच ही ताकद वाढवलेली आवृत्ती. लांबी १७.१२ मीटर, मॉडेलमध्ये १९७ मिमी. मोटार आणि गिअर असलेला सांगाडा घरी बनवण्याच्या भानगडीत पडलो नाही. सहा आसांचा अल्को जातीचा वापरलेला सांगाडा परदेशात सहा हजारांच्या आसपास मिळतो. पण पार्सलने मागवायचा तर तो खेळण्यांच्या वर्गात मोडतो. प्रमाणबद्ध मॉडेलंही त्याच ९५०३ शीर्षकाखाली येतात. त्यावर मूळ आयातशुल्कच फेब्रुवारी २०२३ पासून ७० टक्के, आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट. हे वाचूनच पार्सलचा विचार सोडला. भाचा जर्मनीत असतो, तो ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी यायचा होता. सोबतच्या सामानाला तेव्हा पन्नास हजारांपर्यंत सवलत होती, त्यात हे बसत होतं. बिलाची छापील प्रत सोबत ठेवायला सांगितली. विमानतळावर कुणी विचारलं नाही, पण बिल होतं म्हणून तो आणि मी दोघंही निवांत होतो. "मामा, बायकोला चॉकलेटं कमी आणली आणि तुमचं इंजिन आणलं," हे मात्र अजून ऐकावं लागतंय.

वरचा सांगाडा म्हणजे बॉडी, ती कॉम्प्युटरवर काढली. घरात बसून, फोटोंवरून, रात्री. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रिंटवाल्याकडून रेझिनमध्ये काढून घेतली, अठ्ठावीसशे रुपये. पहिली प्रत वाकडी निघाली, मधे दोन मिलिमीटर पोट आलं होतं. त्याने दुसरी काढून दिली, पण त्यात सप्टेंबर गेला. लांब बॉडी प्रिंट करून घेणार असाल तर दोन तुकड्यांत मागा आणि सांधा दरवाजाच्या रेषेवर ठेवा, दिसत नाही. आत एकदीड मिलिमीटरची आडवी पट्टीही काढायला सांगा. रेझिनवर थरांच्या रेषा राहतात, त्या ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने ओल्यात घासायच्या. रेडिएटरची जाळी आणि बाजूच्या झडपा वाचवून घासायला सुईच्या आकाराच्या कानशी लागतात, सोनाराच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

याच सुमारास पुण्याला कामासाठी गेलो होतो, तेव्हा कर्वे रस्त्यालगतचं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे बघून आलो. १९९८ पासून आहे, भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं. तिथे चालती गाडी बघताना एक गोष्ट लक्षात आली, लोक इंजिनाकडे बघत नाहीत, दिव्याकडे बघतात. परत आल्यावर हेडलाईटला पिवळसर एलईडी बसवला, आधी पांढरा शुभ्र होता आणि तो टॉर्चसारखा वाटत होता.

नोव्हेंबरात अक्षरं. डिकलचा कागद ऑनलाईन मिळतो, इंकजेटवर छापून त्यावर लॅकर मारायचं, मग पाण्यात भिजवून सरकवायचं. चंदेरीवर काळी अक्षरं छापता येतात, पण घरच्या प्रिंटरला पांढरा रंग येत नाही, हे आधी लक्षात घेऊन रंगसंगती ठरवा. वाघिणीचा नंबर अकरा आकड्यांचा असतो. पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा तपासणीचा. समस्थानी आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, तिच्यात विषमस्थानी आकडे मिळवायचे आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. मी पाचही वाघिणींचा हा आकडा हिशेब करून टाकलाय. अडीच मिलिमीटरच्या आकड्यात तो कुणी तपासणार नाही. पण मी बँकेत आहे, बेरीज चुकीची लिहून झोप लागली नसती.

डिसेंबर जोडणीत गेला. रूळ दोन मीटर, दिवाणखान्यातल्या लांब फळीवर, सरळ. दहा वाघिणी धरल्या तर इंजिनासकट १ मीटर ६३ सेंटिमीटर होतात, म्हणून ती लांबी घेतली. पन्नास केल्या तर सात मीटरच्या वर जाईल, म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेर. सौ.ने तेवढ्यावर स्पष्ट नकार दिला आहे. एकदा सहज गणित केलं, प्रत्येक वाघिणीत पन्नास हजार लिटर, तर प्रमाणात किती? लांबी, रुंदी, उंची तिन्हींना ८७ ने भागायचं. ७६ मिलिलिटर आले. अर्धा कप चहासुद्धा नाही. शेजारच्या मुलीने मोजपात्रात तेवढं पाणी घेऊन टाकीपाशी धरून बघितलं आणि विचारलं, "मग लोक आंघोळ कशी करायचे?" मी म्हटलं, करायचे नाहीत. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन दिवसांआड होती.

एकूण खर्च साडेअठरा हजारांच्या घरात गेला. त्यातले सहा हजार इंजिनाच्या सांगाड्याला, तीन हजारांच्या आसपास रूळ आणि १२ व्होल्टच्या कंट्रोलरला, अठ्ठावीसशे बॉडीला, अडीच हजार चाकांना, कपलरला बाराशे. बाकी बोगीच्या चौकटींचं प्रिंट, रंग, कागद, प्रवास. टाकी, घुमट, शिडी, वजन, कठडे, म्हणजे जे बघून लोक थांबतात ते सगळं मिळून वाघिणीमागे दीडशेच्या आत. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी इंजिनाला हातच लावू नये, एक वाघीण करावी. ती बिघडली तर पाईपचा तुकडा गेला, इतकंच.

पहिल्या गाडीसारख्या दहा करायच्या आहेत, त्यांतल्या उरलेल्या पाच वाघिणींसाठी घुमट दाबून तयार आहेत. सध्या अडलंय ते कपलरच्या उंचीपाशी. तिसऱ्या आणि चौथ्या वाघिणीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, सरळ रुळावर चालतं, पण धक्का बसला की सुटतं. बोगीखाली कागदी वॉशर घालून बघतोय. कपलरची उंची तपासायचं छोटंसं माप मिळतं, पाच-सहाशे रुपयांना. ते चाकांबरोबरच मागवून ठेवा.